उलटा हात

थोरली सोफे बनवायच्या कारखान्यात कामाला होती. रेक्झिन गुडघ्याखाली दाबायचं, ताणायचं आणि मगच पातं चालवायचं, हे तिच्या बोटांना पाठ होतं. त्यामुळे बापाची दाढी करायची वेळ आली तेव्हा तिला कुणाला काही विचारावं लागलं नाही.

बाप गोदामातल्या हमालांचा मुकादम. सगळे त्याला वस्ताद म्हणायचे आणि तोही त्या नावानं फुगायचा. घरात मात्र या वस्तादाला डाव एकच यायचा, उजव्या हाताची पाठ. जेवण गार झालं, उलटा हात. पोरगी मोठ्यानं हसली, उलटा हात. बोटात जाड अंगठी, त्यामुळे आईच्या गालावरचा एक वळ जायच्या आत दुसरा उठायचा. एकदा तिचा जबडा मोडला. दवाखान्यात तिनं जिन्यावरून पडले म्हणून सांगितलं. त्यांच्या घराला जिनाच नव्हता. पुढे ती आजारपणात गेली, असं डॉक्टर म्हणाले. थोरलीला ते कधीच पटलं नाही.

मग वस्तादाला लकवा मारला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणंही गेलं. धाकटा भाऊ लांब राहायचा, तेव्हा सगळं थोरलीच्या गळ्यात आलं. अंघोळ, जेवण, औषधं, आणि दाढी. दाढीला वस्तादाचाच घडीचा वस्तरा होता.

पहिल्या दिवशी सुलटा हात, म्हणजे केसांच्या दिशेनं फिरवायचा वस्तरा, नीट झाला. पुन्हा साबण लावता लावता, कुठलाही न्हावी म्हणेल तसं ती सहज म्हणाली, "बाबा, आता उलटा हात मारते हं."

वस्तादानं झटकन डावा हात वर करून तोंड झाकलं. कोपर पुढे, मान आत. आई झाकायची तसंच.

थोरली आधी गांगरली. मग तिच्या ध्यानात आलं, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. फारच बरं वाटलं. त्यानंतर ती ते वाक्य मुद्दाम म्हणायला लागली, कानाशी वाकून, सावकाश. वस्ताद लटलट कापायचा. कधी पातं जरा जास्त दाबलं जायचं. चुकून लागलं, असं ती म्हणायची, पण ऐकायला तिथे दुसरं कुणी नसायचं.

धाकटा भेटायला आला आणि त्यानं बापाचा गळा पाहिला. पुढच्या खेपेला दाढीचं मशीन घेऊन आला.

"ताई, हे घे. बटण दाबलं की झालं."

"मशीननं गुळगुळीत होत नाही. खुंट राहतात."

"राहू देत की! त्यांना कुठे बोहल्यावर चढायचंय?"

"वस्तऱ्याला काय धाड भरलीय?"

"वस्तऱ्याला काही नाही झालं. गळा बघ त्यांचा. रेक्झिनवर ओरखडा पडला तर जेवण जात नाही तुला."

थोरली भडकली. "आत्ता गळा दिसला होय तुला? आईचं तोंड सुजायचं तेव्हा कुठे होतास?"

"तुझ्या पाठीमागे लपलेलो असायचो, ताई. तेव्हा त्यांना घाबरायचो. आता तुला घाबरतोय."

तिचा हात कधी सुटला ते तिलाही कळलं नाही. धाकट्याचा ओठ फुटला. तो ओठ दाबून तसाच निघून गेला. हाताची पाठ चुरचुरत राहिली. पलंगावरून वस्ताद सगळं बघत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं मुकाट्यानं मशीन काढलं. वस्तादानं डाव्या हातानं ते ढकललं आणि वस्तऱ्याकडे बोट केलं. तिनं साबण लावला, कातडं ताणलं. त्यानं हनुवटी वर केली आणि एकाएकी तिचं मनगट धरून पातं स्वतःच्या गळ्याकडे ओढलं. पोती उचललेला हात होता तो. पाणी सांडलं, पलंग भिंतीवर आदळला, साबणात लाल ओघळ उतरला. तिनं त्याच्या छातीवर गुडघा रोवला, त्याच्या दंडाला कडकडून चावली, तेव्हा कुठे मनगट सुटलं. वस्तरा कोपऱ्यात जाऊन पडला. टॉवेल दाबून ती धापा टाकत राहिली. जखम वरवरचीच होती.

"मा... र," वस्ताद म्हणाला. इतक्या दिवसांत तोंडातून फुटलेला पहिला शब्द, आणि तोही हुकूमच.

हे आपल्याला किती दिवसांपासून हवं होतं, ते थोरलीला त्या क्षणी कळलं.

"नाही, बाबा. हे काम माझ्याकडून होणार नाही."

तिनं मशीन सुरू केलं. वस्ताद हमसून हमसून रडायला लागला. तिनं जखम सोडून बाकीची दाढी केली, तोंड पुसलं, मग बाहेर जाऊन धाकट्याला फोन लावला.

"आजच ये," ती म्हणाली. "मला त्यांच्यापाशी एकटीला ठेवू नकोस."