दाढेतला किडा

बाबांच्या दाढेतून किडा पडला तेव्हा अर्धं गाव बघायला जमलं होतं. कुरखेड्याकडची एक म्हातारी निखाऱ्यावर भुईरिंगणीचं बी टाकायची, नळीनं दुखऱ्या दाढेला धूर द्यायची आणि पानावर पांढरे किडे पाडून दाखवायची. ते बियांतलेच पांढरे अंकुर असतात, हे मी कितीदा सांगितलं. पण डोळ्यांनी पाहिलेला किडा सोडून पोरीचं कोण ऐकतं?

दाढ दुखायची थांबली नाही. बाबा तिच्या खड्ड्यात तंबाखू दाबून तलावावर जाळं टाकायला जायचे. मग हिरडीवर गाठ आली. नागपूरच्या डॉक्टरांनी कर्करोग सांगितला आणि अट घातली: किरणांचा शेक देण्याआधी सडक्या दाढा काढायच्या. शेकानं लाळ आटते, मग दाढांतले जंतू जबड्याच्या हाडात उतरतात आणि हाड सडतं. पण जंतू कुणी पाहिले नव्हते, किडा सगळ्यांनी पाहिला होता.

"किडा तं कवाचाच पडला," बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, डॉक्टरांसमोरच म्हणाले. "आता दाढ काऊन काढता? दाढ काढली का डोये जातेत."

डॉक्टर हसले आणि त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. समजावून सांगायला त्यांना काय धाड भरली होती? मी भांडले, रडले. "चूप राय," मोठेबाबा म्हणाले, "बापाले आंधळा करतं का?" बाबा थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर नव्हते. आम्ही बसनं परत आलो.

पावसाळा सरता सरता गाल फुटला. तोंडाला इतका वास यायचा की बाबा आपणहून पडवीत झोपायला लागले. मी त्यांना ओढत पुन्हा नागपूरला नेलं. आता शेकाचा उपयोग नाही, असं त्याच डॉक्टरांनी सांगितलं. दिवाळीच्या आत बाबा गेले.

हल्ली म्हणतात, तोंडातले काही जंतू कर्करोग वाढायलाही हातभार लावत असावेत. असेल. दाढा वेळेवर निघाल्या असत्या तर शेक सुरू झाला असता, माझा राग तेवढ्यावरच आहे.

पुढल्या वर्षी मोठेबाबांची दाढ ठणकली. त्यांनी सरळ गडचिरोलीचा दाताचा डॉक्टर गाठला आणि दाढ काढून, गालात कापूस धरून आमच्या अंगणात येऊन बसले.

"काई नाई होत बाई," मला म्हणाले. "सुई टोचते, मंग मालूम बी नाई पडत."

तिथं थांबले असते तर मीच हात उगारला असता. आत जाऊन दार लावून घेतलं. पुढे मोठेबाबा वारले तेव्हा त्यांचं तोंड बघायलाही मी गेले नाही.