बरणीच्या कव्हराला दोन बाह्या

भिवंडीत राहून मी लोकरीच्या विणकामाची पुस्तकं काढायचे, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग पंख्याकडे. त्यांचंही बरोबर आहे. इथली थंडी म्हणजे डिसेंबरात पहाटे पायावर चादर ओढावी लागते, तेवढीच. मी नाशिकची. आमच्याकडे दिवाळी झाली की बायकांच्या हातात सुया यायच्या. लग्न होऊन इथे आले तेव्हा दागिने कमी आणि लोकरीचे गुंडे जास्त होते माझ्या बॅगेत.

सासरचे मूळचे खारबावकडचे, शेतकरी. जवळच्या पूर्णा गावातली जमीन गोदामाला दिली आणि शहरात दोन मजली घर बांधलं. घराच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना, दिवसरात्र खडखडाट. तिकडे एका शिफ्टमध्ये ताग्यांवर तागे निघतात आणि मी इकडे दुपारभर बसून वीतभर विणते, हे सासूबाईंना दारात जीप उभी असताना बाजाराला रांगत जाण्यासारखं वाटायचं. तसं त्या बोलूनही दाखवायच्या. बोलून दाखवायची त्यांची हौस दांडगी होती आणि ऐकून घ्यायची माझी अजिबात नव्हती, त्यामुळे घर कसं जागतं असायचं.

माझं पहिलं पुस्तक क्रोशाच्या तोरणांचं. नमुने माझे, आकृत्या माझ्या, छपाई आमच्याच गल्लीतल्या चाचांची. चाचा एरवी लग्नपत्रिका छापायचे आणि कापडाच्या गाठींवर चिकटवायची लेबलं. माझं हस्तलिखित वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "भाभी, इसमें समझने जैसा कुछ है क्या?" क्रोशाची भाषा ज्याला येत नाही त्याला ती मंत्रासारखीच दिसणार! तरी पुस्तक बरं गेलं. मग चाचांनीच सुचवलं, "अब बच्चों का निकालो. स्वेटर कोई ले ना ले, बच्चा तो गर्मी में भी पैदा होता है."

मला ते पटलं. ठरलं, दुसरं पुस्तक बाळंतविड्याचं. बाळंतविडा म्हणजे नव्या बाळासाठी करतात तो सगळा संच: टोपडं, झबलं, मोजे, दुपटं. आता पुस्तक काढायचं तर प्रत्येक नमुना आधी स्वतः विणून बघावा लागतो. नुसतं कागदावर 'दोन सुलट, दोन उलट' लिहून भागत नाही, नाहीतर टोपडं बाळाच्या हनुवटीपर्यंत येतं आणि बायका शिव्या घालतात. मी पिवळी आणि पोपटी लोकर आणली, सुया काढल्या. नेमकी त्याच आठवड्यात माझी नणंद बाळंतपणाला माहेरी आली.

तिचं आधीचं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा तिच्या सासरी हौसेनं सगळं आधीच आणून ठेवलेलं. पाळणा, झबली, चांदीचे वाळेसुद्धा. ते सगळं परत कपाटात ठेवताना तिची काय अवस्था झाली, ते सासूबाईंनी बघितलं होतं. त्यामुळे या खेपेला त्यांनी नणंदेची बॅग खाली ठेवायच्या आतच मला बजावलं.

"घरात बालाचा एक पन धागा इनायचा न्हाय हां. बाल हातात येऊ दे, मंग काय ते कर."

"अहो आई, पुस्तकाचं काम आहे. या बाळाचा काय संबंध?"

"पोट त्याच घरात हाय ना? मंग संबंध हाय."

माझं डोकंच फिरलं. तिकडे चाचा कागदाची रिमं आणून बसलेले, इकडे माझ्या सुयांवर बंदी! वर सगळ्यात मोठी गंमत अशी की असं मानणाऱ्या सासूबाई एकट्या नव्हत्या. आमच्याकडे बाळ यायच्या आधी त्याचं काही करायचं नसतं, आणि बाळ आलं की आईला विणायला सोडा, केस विंचरायलाही सवड नसते. मग बाळंतविड्याचं पुस्तक विकत घेणार कोण आणि कधी? हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. पण नवं काही करायचं ठरलं की माझी अक्कल माहेरी जाते.

पण मी तशी माघार घेणारी नाही. पिवळं टोपडं विणायला घेतलं. माप घ्यायला बाळ नव्हतं, म्हणून असोला नारळ घेतला. सासूबाईंनी हटकलं, "हा काय गो?"

"तांब्याचं कव्हर."

"तांब्याला कव्हर?"

"हल्ली सगळ्यालाच कव्हर असतं. टीव्हीला आहे, मिक्सरला आहे, फ्रिजच्या हँडलला आहे. तांब्यानंच काय घोडं मारलंय?"

टोपडं पुरं झालं, तसं त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि पाण्याच्या तांब्यावर घातलं. मला वाटलं, थट्टा करताहेत. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच. येणाऱ्याजाणाऱ्यासमोर टोपडं घातलेला तांब्या, बंद हनुवटीखाली लोंबताहेत! कुणी हसलं तर सासूबाई गंभीरपणे सांगायच्या, "सुनेनं कव्हर इनलाय."

मग मला चेवच आला. झबलं विणलं आणि सांगितलं, बरणीचं कव्हर. मोजे विणले, ती औषधाच्या बाटल्यांची कव्हरं झाली. दुपटं झालं रेडिओचं. प्रत्येक गोष्ट सासूबाई निमूट उचलायच्या आणि सांगितलेल्या जागी चढवायच्या. लोणच्याच्या बरणीला त्यांनी खरोखरच झबलं घातलं आणि तेलाचा एक ओघळ थेट माझ्या पोपटी नक्षीवर उतरला. हे सगळं मला फोटोसाठी हवं होतं हो! मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. माझी मेहनत मातीत घालायचा या बाईनं चंगच बांधलाय, अशी माझी खात्री झाली. दर आठ दिवसांनी त्या सगळी कव्हरं गरम पाण्यात धुवायच्या, उन्हात वाळवायच्या आणि पुन्हा भांड्यांना घालायच्या. लोकर गरम पाण्यात घालू नका, सांगून सांगून माझा घसा बसला.

नणंद मात्र या नाटकात रमली होती. तिला जिने चढायचे नव्हते, वाकायचं नव्हतं, काळजी करायची नव्हती, म्हणजे काळजी करण्याशिवाय दुसरा उद्योगच नव्हता. म्हणून मी तिला माझे लिहिलेले नमुने मोठ्याने वाचायला लावायचे. ती वाचायची, मी त्याबरहुकूम विणायचे, चूक असेल तिथे सुईच अडायची. एकदा वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "वहिनी, बरणीच्या कव्हराला दोन बाह्या कशाला गो?"

"बरणीला थंडी वाजते."

ती पोट धरून हसली. हसू ओसरलं तरी पोटावरचा हात तिनं तसाच ठेवला. "या खेपेला राहील ना गं वहिनी?" मी तिच्या हातात लोकरीचा गुंडा दिला आणि तो सोडवत बस म्हटलं.

तेवढ्यात सासूबाईंनी नवीनच खुसपट काढलं. तांब्याचं कव्हर त्यांना ढिलं वाटायला लागलं.

"ढिला होतो गो. माझा तांब्या बारका हाय. बारका कर."

"आई, हे माप बरोबर आहे."

"तुझ्या नारलाला बरोबर असेल. बारका कर."

मी रागारागानं टाके कमी करून अगदी इवलंसं टोपडं विणलं. मोसंब्याला बसेल असं. घ्या म्हटलं, घाला एकदाचं! त्यांनी ते देवापुढच्या लहान गडूला घातलं आणि त्यांचं समाधान झालं. या मापाची टोपडी कुठलंच बाळ घालत नाही, असं मी त्यांना ऐकवलंसुद्धा. म्हणजे कव्हर, असं लगेच दुरुस्त केलं.

आणि आठवा लागल्या लागल्या नणंदेच्या पोटात दुखायला लागलं. सकाळची वेळ, लाईट गेलेली, लूम बंद. एरवी त्या खडखडाटात ओरडूनच बोलायची सवय, त्या दिवशी तिचं कण्हणं अख्ख्या घराला ऐकू आलं. रिक्षातून दवाखान्यात नेलं. दुपारी मुलगी झाली. एवढीशी. रडली तीसुद्धा मांजराच्या पिल्लासारखी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, श्वास चालू आहे, पण वजन फार कमी आहे, ऊब टिकली पाहिजे. सिस्टर बाहेर आली आणि विचारलं, "बाळाची टोपी, कपडे आणलेत ना? डोकं आधी झाकायचंय."

घरात बाळाचं काहीही आणायचं नव्हतं. काहीही आणलेलं नव्हतं. जावई भिंतीला टेकून उभे. मी, बाळंतविड्याची पुस्तकं काढणारी, रिकाम्या हातांनी उभी. असा संताप आला मला सासूबाईंचा! म्हटलं, आता बोलतेच. तोंड उघडलं आणि बघते तर त्या पदराखालची पिशवी सोडत होत्या. त्यातून गडूचं कव्हर निघालं. मग बाटल्यांची कव्हरं. मग लोणच्याचा फिका डाग असलेलं बरणीचं कव्हर. सगळं धुतलेलं, उन्हात वाळवलेलं, घडी घातलेलं.

सिस्टरनं हातात घेऊन बघितलं. "नवीन आहे का? नवीन असेल तर आधी धुवावं लागेल."

"नवा न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "जुना हाय. वापरलेला हाय."

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. आमच्याकडे नव्या बाळाला पहिल्यांदा नवं घालत नाहीत, वापरून मऊ झालेलं जुनेरं घालतात. या बाईनं बाळाचं काही आणलं नव्हतं. तिनं भांड्यांची कव्हरं वापरून वापरून जुनी केली होती, गावासमोर, तांब्यावर आणि बरणीवर, कुणाची नजर बाळाकडे जाऊ नये म्हणून. आणि मी भांडी आपटत होते. मला रडू फुटलं. त्या म्हणाल्या, "रडतेस काय? आत जा, बंद बांध. तुला ठावं हाय कसा बांधतात."

इवलंसं टोपडं तिच्या डोक्यावर नेमकं बसलं.

पोर बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. एकेक दिवस पुढे ढकलत ढकलत ती जगली, घरी आली. तोवर चाचांचा तगादा लागला होता. बाळाचा फोटो काढायचा तर सासूबाईंनी दारच अडवलं, "दृष्ट लागंल." मग मी पुन्हा सगळं विणलं आणि लग्नाच्या फोटोग्राफरला बोलावून तांब्याला टोपडं, बरणीला झबलं घालून फोटो काढले. चाचांनी ते बघून कपाळाला हात लावला. "भाभी, ये बच्चों की किताब है या बर्तनों की?" बर्तनों की, म्हटलं. छापा. मुखपृष्ठावर छापलं, 'लोकरीची घरगुती कव्हरे'. सगळ्यात लहान गडूचा नमुनाही घातला, शेवटच्या पानावर.

बारशाला पडघ्याहून एक नात्यातली सून आली होती. दिवस भरत आलेले. पाळण्याजवळ पडलेलं पुस्तक तिनं चाळलं आणि टोपड्याच्या पानावर आल्यावर घाईनं मिटून ठेवलं. सासूबाईंनी ते पाहिलं. उठल्या, पुस्तक उचललं आणि तिच्या ओटीत ठेवलं.

"घे गो. बालाचा काय न्हाय त्यात. कव्हरांचा पुस्तक हाय."

"कसली कव्हरं, काकी?"

सासूबाईंनी पाळण्याची दोरी ओढली. आत पिवळं टोपडं घालून पोर झोपली होती.

"तांब्याची," त्या म्हणाल्या. "आमच्या तांब्याला बघ, कसा बसलाय."