लौटन गुरुवा आणि हजारो माणसांचं औषध

नेपाळातल्या बर्दिया जिल्ह्यातल्या आमच्या थारू आदिवासींच्या गावात लौटन गुरुवाचा, म्हणजे आमच्या मांत्रिकाचा, शब्द शेवटचा. ताप असो की आटलेली म्हैस, तांदळाचे दाणे मांडून तो कारण सांगायचा आणि पटलं नाही तर तुमचीच अक्कल काढायचा. माणूस हट्टी, तोंडाळ, पण लबाड नाही. नात सुनपतीला तापात झटके आले, तेव्हा दाणे काहीच बोलत नाहीत हे त्याने सरळ कबूल केलं. सून मंगरीने पोरीला शहरातल्या इस्पितळात नेलं, तर झोळी काखोटीला मारून तोही मागोमाग गेला.

रेग्मी डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "डासामुळे विषाणू मेंदूत गेलाय. त्याला मारणारं औषध नाही. पण लोकांच्या रक्तात रोगाशी लढणारी शक्ती असते, ती वेगळी काढून बाटलीत भरतात. ती देऊन बघू. गुण येईलच असं म्हणत नाही."

"कुणाच्या रक्तातली?" लौटनने विचारलं.

"हजारो लोकांच्या."

झालं! म्हातारा ताडकन उठला. "कोण कुठले, कुठल्या कुळाचे? आमच्या दैवताला परकं रक्त चालत नाही."

मंगरी आजवर सासऱ्यापुढे मान वर करून बोलली नव्हती. पण नवरा कामासाठी मलेशियात, पोर समोर निपचित. "मामंजी, दैवत तुमचं ऐकतं ना? मग समजवा त्याला. मी सही करतेय. पोर गेली तर त्या घरात पाऊल ठेवणार नाही."

लौटन पुन्हा खाली बसला. डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाला, "बाई, ते सगळ्यांचं एकत्र मिसळलेलं असतं?"

"हो. कुणाचं कुठलं, सांगता येत नाही."

त्याचा चेहराच उजळला. शेतं हिरवी झाली की आमच्याकडे हरेरी पूजा होते. घरोघरचे मूठ मूठ तांदूळ एकाच टोपलीत पडतात, आणि एकदा पडले की कुणाचे हे विचारायचं नसतं. विचारणाऱ्याला लौटनच हाकलतो.

"मग ही तर हरेरीची टोपली! आधी नाही का सांगायचं? चढवा लवकर."

नर्सने बाटली आणली तशी त्याने ती झडप घालून घेतली आणि मंत्र पुटपुटत हलवली. पूजेचं पाणी हलवल्याशिवाय जागं होत नाही ना!

"अहो बाबा, हलवू नका! फेस होतो, मग देता येत नाही," नर्स किंचाळली.

लौटनने हात आवरला. बाटली टेबलावर ठेवली आणि फेस विरेपर्यंत तो, मंगरी आणि नर्स तिच्याकडे डोळे लावून बसले. देव पावला, फेस बसला. मग औषध थेंब थेंब पोरीच्या हातात उतरू लागलं.

झटके थांबले, ताप उतरला, आणि एका सकाळी सुनपतीने डोळे उघडले. "आजा, मुतायला जायचंय."

म्हातारा अक्षरशः नाचला. मंगरी रडत हसत होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आजारात लुळा पडलेला डावा हात सुधारायला वेळ लागेल, आणि गुण औषधाचाच असं छातीठोक सांगता येत नाही. ऐकतोय कोण!

पूजा पावली की मूठ घालणाऱ्या प्रत्येक घरी प्रसाद पोचवावा लागतो. आता ही हजारो घरं शोधायची कुठे? घरी निघताना लौटनने जिलेब्या घेतल्या आणि दिसेल त्याच्या हातावर ठेवत सुटला. झाडूवाली, चहावाला, शेवटी त्याच्यावर खेकसणारा बसचा कंडक्टर.

"मला कशाबद्दल?" कंडक्टर गोंधळला.

"तू कधी रक्त दिलंयस?"

"नाही बुवा."

"मग आधी खा," सुनपतीला कडेवर सावरत लौटन म्हणाला, "आणि देऊन ये."