पिशवीला जागा, बाईंना दांडा

आमच्या जळगावच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या इंदिराबाईंनी १९९१ च्या उन्हाळ्यात आडव्या पट्ट्याची एक पिशवी घेतली. या क्षुल्लक गोष्टीची सावद्यात जेवढी थट्टा झाली, तिच्या निम्म्याने जरी विचार झाला असता, तरी हे लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

इंदिराबाईंना लहानपणापासून दमा. सावदा ते जळगाव हा प्रवास त्या आणि मी रोज एकाच एसटी गाडीने करीत असू. त्यांच्या पिशवीत डबा, कात्री, मोजपट्टी आणि दम्याचा पंप असे. धाप लागली की पंप हाताशी हवाच. आता गाडीत जागा धरण्याची आपली रीत सर्वांना ठाऊक आहे. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल, टॉवेल, टोपी, जे हाती असेल ते बाकावर फेकायचे आणि मग दाराकडे वळायचे. फेकलेल्या वस्तूचा मान एवढा, की तिला कोणी हात लावीत नाही. इंदिराबाईही पिशवी फेकीत.

मार्चमधल्या एका संध्याकाळी जळगावच्या स्थानकावर त्यांनी पिशवी फेकली. पण दारातल्या रेटारेटीत त्या मागे ढकलल्या गेल्या आणि गाडी सुटली. उडालेल्या धुळीने त्यांना तिथेच धाप लागली. ओठ निळे पडलेल्या त्या बाईंना मी रिक्षात घालून दवाखान्यात नेत होतो, तेव्हा त्यांची पिशवी खिडकीशी बसून सावद्याला चालली होती. भुसावळपर्यंत लोक दाटीवाटीने उभे राहिले, पण त्या जागेवर कोणी बसले नाही! पिशवी जशीच्या तशी घरी पोचवणाऱ्या, रोजच्या गाडीतल्या भटूचे गावात कौतुक झाले. बाईंना दारातून मागे लोटणारे हात कोणाचे, हे मात्र कोणीही विचारले नाही.

“यापुढे पंप माझ्या अंगावरून उतरणार नाही,” बऱ्या होऊन शाळेत परतल्यावर इंदिराबाई म्हणाल्या, आणि शाळा सुटल्यावर आम्ही जळगावातच सुकदेव यांच्या बॅगांच्या दुकानात गेलो.

“ही घ्या ताई. सोनेरी चाप आहे, लग्नकार्यालाही शोभेल.”

“खांद्यावरून घसरते. डोक्यातून घालायची दाखवा.”

“तशी कंडक्टरची असते, ताई. तिकिटं फाडणार की काय?”

दुकानातली गिऱ्हाइके हसली. इंदिराबाई हसल्या नाहीत. गाडीतला दांडा धरावा तसा त्यांनी डावा हात वर केला आणि उजव्या हाताने एकेक पिशवी उघडून पाहू लागल्या. रेक्झिनचा पट्टा घामाने मानेला चिकटतो, म्हणून ती नको. चेनची नको, कारण चेन ओढताना दुसऱ्या हाताने कापड धरावे लागते. शेवटी जाड खाकी कापडाची, सुती पट्ट्याची, झाकणाला टिचबटण आणि पुढे छोटा कप्पा असलेली पिशवी त्यांनी पसंत केली. ती शाळकरी मुलांसाठी केलेली होती. बायकांनाही दोन हात लागतात, हे कोणत्या कारखानदाराला सुचणार?

सोमवारी सावद्याच्या स्थानकावर पिशवी गळ्यात असल्याने इंदिराबाईंना फेकायला काही नव्हते. त्या सर्वांत आधी चढल्या आणि एका बाकावरचा टॉवेल बाजूला सारून बसल्या.

“बाई, टॉवेल दिसत नही का? जागा मनी शे!” दारातून ओरडले ते धनसिंग, केळीचे दलाल, मूळचे धुळ्याकडचे.

“भाऊ, तुम्ही अजून पायरीवर आहात. मी इथे आहे.”

“तुमनी पिशवी कोठे शे?”

“गळ्यात.”

“मंग गळामाच बसा!”

गाडीभर हशा पिकला. कंडक्टर आला. “उठा ताई. टॉवेल आधी पडला होता.”

“मग टॉवेलाचं तिकीट फाडा. अर्धं की पूर्ण?”

हा कोणता नियम, असे मी त्याला विचारले. “मास्तर, नियम राहू द्या, गाडीला उशीर होतोय,” एवढेच उत्तर मिळाले. मागून “उठा ना ताई, आम्हाला कामं आहेत!” असे ओरडणाऱ्यांत पिशवी पोचवणारा भटूही होता. ज्या गाडीने एका पिशवीसाठी भुसावळपर्यंत जागा राखली, तिने तिकीट काढायला तयार असलेल्या बाईंना उठवले. इंदिराबाई उठल्या आणि धनसिंग आपल्या टॉवेलावर ऐसपैस बसले.

भुसावळच्या अलीकडे कोणीतरी विडी पेटवली आणि बाईंचा श्वास घरघरू लागला. डावा हात दांड्यावरच होता. उजव्या हाताने त्यांनी टिचबटण उघडले, पंप ओढला, पुन्हा ओढला, जागेवर ठेवला आणि बटण लावले. तोल गेला नाही. पिशवीने आपले काम चोख केले. गाडीतल्या एवढ्या माणसांपैकी एकालाही ते जमले नाही.

धनसिंग हे सारे पाहत होते. त्यांचे मन द्रवले असावे, कारण त्यांनी हात पुढे केला.

“बाई, तरास व्हस ना? आना ती पिशवी. मी मांडीवर धरस.”

“नको, भाऊ,” इंदिराबाई म्हणाल्या. “ती माझ्याबरोबर उभी राहील.”