न टाकलेलं कार्ड

मी सायन्सला आहे, हे आधीच सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे असलं काही लिहायला थोडी लाजही वाटते... चिंचेवरच्या बाईच्या गोष्टी गावात लहानपणापासून ऐकल्या, आणि प्रत्येक वेळी हसले. पण हा अनुभव माझा स्वतःचा आहे, आणि त्यात भीती वाटण्यासारखं काहीच नाही. म्हणूनच कदाचित तो विसरता येत नाही.

आमचं गाव निफाडपासून सात किलोमीटरवर. आई द्राक्षबागेत कामाला जायची. घरात टीव्ही नव्हता, रेडिओ होता. नाशिक केंद्रावर दुपारी एक वाजता फर्माईशीचा कार्यक्रम लागायचा — शैलाताई आणि मधुकाका. मधुकाका हवामान सांगता सांगता म्हणायचे, "आज ढग आहेत. द्राक्षवाल्यांनो, आभाळाचा राग घरात काढू नका." शैलाताई पत्रं वाचायच्या. घाई नाही, नावं गाळणं नाही. वस्तीवरची बाई असो नाहीतर शाळेचे हेडमास्तर, नाव त्याच मानानं घ्यायच्या. आईचं पूर्ण नाव मोठ्यानं कुणी घेतलेलं मी पहिल्यांदा रेडिओवरच ऐकलं.

आईची धाकटी बहीण, मंगलमावशी, वणीच्या पुढे दिलेली. मामाच्या लग्नात तिच्या यजमानांना टोपी-टॉवेल द्यायचा राहून गेला. आहेर वाटायचं काम माझ्या वडिलांकडे होतं. ते काका न जेवता उठले, आणि त्यानंतर सहा वर्षं येणं-जाणं बंद. फोन दोन्ही घरी नव्हता. मग आई मला कार्ड लिहायला सांगायची — अमुक गाणं, माझ्या वणीच्या बहिणीसाठी. पुढच्या महिन्यात तिकडून फर्माईश यायची, निफाडच्या बहिणीसाठी. दोघी एवढंच बोलायच्या, तेही शैलाताईंच्या तोंडून.

माझ्या बारावीच्या वर्षी दिवाळीत शैलाताई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी नेहमीसारखाच निरोप घेतला, पण आईनं त्या दुपारी भाकरी खाल्ली नाही.

फेब्रुवारीत आईच्या पोटात गाठ निघाली. नाशिकला ऑपरेशन ठरलं. दहा दिवस आधी तिनं मला बसवलं.

"लिही. शैलाताई, गाणं नको. माझ्या बहिणीला, मंगलला सांगा, टोपीची चूक आमचीच. या सोमवारच्या पुढच्या सोमवारी माझं ऑपरेशन आहे. त्याआधी तिचं तोंड बघायचंय. राग भाऊजींनी धरावा, तिनं येऊन जावं."

"आई, शैलाताई आता नाहीत तिथं."

"तिच्याच नावानं टाक. दुसऱ्या कुणाला काय सांगायचं असलं?"

"मग मावशीलाच लिहू ना सरळ."

"तिच्या घरी गेलं तर भाऊजी फाडतील. रेडिओ कोण फाडतंय?"

निफाडला टाकीन म्हणून मी कार्ड फिजिक्सच्या गाईडमध्ये ठेवलं. पेपर आठवड्यावर आले होते...

मी विसरले. आईचं ते एकच काम होतं, आणि मी विसरले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मंगलमावशी दारात उभी. हातात पिशवी, चेहरा रडून सुजलेला. दोघी कितीतरी वेळ नुसत्या एकमेकींचे दंड धरून उभ्या होत्या. मग मावशीच म्हणाली, "इतकी वाळली व्हय गं! आन् मला रेडिओवरून बोलावती, महाराणी!"

मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"भाकऱ्या थापीत होते," मावशी सांगत होती, "आन् शैलाताईचा आवाज! इतक्या दिसांनी! मी तवा खाली उतरवला. 'टोपीची चूक आमचीच' म्हणली, 'राग भाऊजींनी धरावा' म्हणली. हे बाजेवर बसून ऐकत होते. गप उठले अन् म्हणले, जा. आन् एक गंमत सांगू? वाचता वाचता मधेच थांबली. 'थांबा हं, चष्मा सापडत नाही' म्हणली. मागं कुकरची शिट्टी झाली! म्हणलं, आता रेडिओत सैपाकबी करायला लागले का काय!"

आई इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं.

मी आत जाऊन गाईड उघडलं. कार्ड तिथंच होतं.

ऑपरेशन नीट झालं. मावशी आठ दिवस दवाखान्यात राहिली. काका भेटायला आले, तेव्हा वडिलांनी वॉर्डातच त्यांना टोपी-टॉवेल दिला. पण मी कुणाला काही बोलले नाही. आमच्या गावात चार-पाच जणींना सहज विचारलं, कुणीच काही ऐकलेलं नव्हतं. मामानं निरोप दिला असेल म्हणावं, तर ऑपरेशनचं त्यालाही आम्ही नंतर कळवलं. आणि शब्द? ते तर फक्त आईला आणि मला माहीत होते.

पुढं मी नाशिकला कॉलेजात आले. दुसऱ्या वर्षाला असताना एका मैत्रिणीकडून कळलं की शैलाताई तिच्याच कॉलनीत राहतात. एका रविवारी अकराच्या सुमारास कार्ड घेऊन गेले. दार उघडलं ते एका बुटक्या, पांढऱ्या केसांच्या बाईनं. "कोण गं तू?" म्हणाल्या, आणि माझे डोळे भरून आले. तोच आवाज.

मधुकाका मुलाकडे पुण्याला गेलेत, त्यांनी सांगितलं. "आता केंद्रावरची मुलं छान बोलतात. भरभर बोलतात. पण पत्रं येत नाहीत गं कुणाची." मी कार्ड पुढं केलं. बारावीच्या परीक्षेच्या वेळी टाकायचं राहून गेलं, एवढंच सांगितलं. मावशीचं, चष्म्याचं, कुकरचं अक्षरही काढलं नाही. मग भीत भीत विचारलं, "तुम्ही हे कधी वाचलं होतं का?"

"अगं, मी तर त्याच्या आधीच्या दिवाळीतच घरी बसले. आणि जे टाकलंच नाहीस ते मी कशी वाचणार?" त्यांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. पोस्टाचा शिक्का नव्हता. "आता वाचू का? माझ्या नावानं आलंय, राहायला नको."

त्या ताठ बसल्या. पदर सारखा केला. "श्रोतेहो," म्हणाल्या, आणि सुरुवात केली. टोपीच्या वाक्यापर्यंत कार्ड लांब धरून वाचलं. मग अडखळल्या.

"थांबा हं, चष्मा सापडत नाही."

आत कुकरची शिट्टी झाली.

मला त्या मघापासून 'तू' म्हणत होत्या. ते 'थांबा हं' माझ्यासाठी नव्हतंच... चष्मा त्यांच्या डोक्यावर होता. तो मी काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. आईचं पूर्ण नाव घेतलं, गावासकट.

त्या फेब्रुवारीत वणीच्या पुढच्या एका घरात मावशीनं काय ऐकलं, हे मला आजही सांगता येत नाही. कॉलेजातल्या आमच्या फिजिक्सच्या सरांना विचारायची हिंमत झाली नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा.

त्या दिवाळीत घरी गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. कार्ड विसरल्याचंही. रागावेल असं वाटलं होतं. ती कणीक मळत होती, मळतच राहिली.

"म्हंजे वाचलं ते शैलाताईनंच ना?"

"हो, पण आई, दोन वर्षांनी..."

"मग बरोबर हाय," आई म्हणाली. "तिच्याच नावानं होतं."