लॅपटॉपचं विसर्जन

हमरापूरच्या कारखान्यात मैना गणपतीचे डोळे रेखते. हात इतका स्थिर की श्वाससुद्धा विचारून घेते. जीभ मात्र एका जागी ठरेल तर शपथ. मालकाला टोमणा, गिऱ्हाइकाला चिमटा, आणि खुद्द देवाला दम, "हलू नको हां बाप्पा, तिरळा होशील!"

तिच्या वाडीच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी बारा लॅपटॉप आले. हिरवे, जेवणाच्या डब्याएवढे, जगभरातल्या गोरगरीब पोरांसाठी कुठल्याशा परदेशी संस्थेने स्वस्तात बनवलेले. रोह्याहून येणाऱ्या कान्हू गुरुजींनी नारळ फोडला, अक्षता वाहिल्या, आरती केली आणि सगळे कपाटात कुलूपबंद केले. पोरांनी मागितले की एकच उत्तर, "खराब होतील."

मैनाची दिपिका सातवीत. वर्ष संपलं की ही शाळा संपली, आणि लेकीने अजून एका बटणाला बोट लावलं नव्हतं. मैनाचा जीव यावर जळायचा. गोडीने सांगून झालं, भांडून झालं. पालथ्या घड्यावर पाणी!

शेवटी एका शनिवारी ती डोक्यावर पाट घेऊन शाळेत आली. मागे टाळ कुटत अख्खी सातवी, मोरयाचा नुसता गजर. गुरुजी अनवाणीच बाहेर धावले.

"ह्ये काय गो, मैना?"

"विसर्जन. आमच्या कारखान्यात हजार मूर्ती हायेत, त्यांच्या कोन पाया पडत नाय. ती नुसती माती. पन अक्षता पडल्या, आरती झाली, का देव बसला. बसलेला देव दीड दिवस ठेवा, पाच ठेवा, दहा ठेवा. तुमी दोन वर्सं ठेवलात! गावाला दोष लागंल. चावी द्या, खाडीला भरती हाय."

"अगो, ती यंत्रं हायेत!"

"व्हय? मग आरती कशाला केलीत? यंत्र असंल तर पोरांना द्या, देव असंल तर खाडीत."

पोरांनी 'पुढच्या वर्षी लवकर या' सुरू केलं तसे गुरुजी घामाघूम झाले. त्यांनी पोरांना बाहेरच थांबवलं, मैनाला आत घेतलं, कपाट उघडलं, एक लॅपटॉप टेबलावर ठेवून वायर लावली. आणि नुसतेच उभे राहिले.

"मैना," ते हळूच म्हणाले, "मलाच चालू करता येत नाय. त्या संस्थेच्या मुलीने भराभर दाखवलं, मी मान डोलवली. आता पोरांसमोर विचारू कुणाला?"

मैनाची जीभ पहिल्यांदाच अडखळली. याच माणसाने तिला याच वर्गात 'ग' गिरवायला शिकवलं होतं. तिला फार वाईट वाटलं. पण गप्प बसेल ती मैना कसली! तिने दारातून हाक मारली,

"दिपके, सगळ्यांना घेऊन आत ये गो! गुरुजी तुमची परीक्षा घेतायत. चालू करायचं बटन कोन शोधतं बघू!"

दिपिकाने लॅपटॉप उलटासुलटा केला, झाकण उघडलं, दोन-तीन ठिकाणी दाबून पाहिलं. पडदा उजळला. पोरांनी एकच गिल्ला केला.

दिपिका लॅपटॉप घेऊन पहिल्या बाकावर बसली, तसे कान्हू गुरुजी तिच्या शेजारी अंग चोरून बसले. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "आता काय दाबायचं, बाई?"