जयवंतच्या पिकअपची थरथर

शनिवार, २ ऑगस्ट २०२५. सकाळी ढगाळ, पाऊस नाही. दूध उशिरा आलं. चिंतामणींचं लोखंडी कपाट पनवेलला श्रेयाकडे पोचवलं. जयवंतच्या पिकअपमधून गेले आणि त्यातूनच परत आले. गाडीची थरथर सापडली.

त्या दिवसाच्या नोंदीची सुरुवात अशी आहे. शाळेत मदर सुपीरियरनी सवय लावली होती की आधी काय घडलं ते लिहायचं, काय वाटलं ते नंतर, जागा उरली तर. हल्ली पान अर्धं रिकामंच राहतं.

जयवंत परब आमच्या चाळीत तळमजल्यावर राहतो. भोईवाड्यातच जन्मला, आता पन्नाशी ओलांडली. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तसे ते गावी गेले, कणकवलीकडे, आणि पुन्हा मुंबईला आलेच नाहीत. जयवंत आईपाशी राहिला, आधी मासळीचा टेंपो चालवायला लागला आणि पुढे स्वतःची पिकअप घेतली. गेली कित्येक वर्षं परळच्या कारखान्यांतल्या गणपतीच्या मूर्ती तो कोकणात पोचवतो. मूर्ती गाडीत असली की चपला काढून, अनवाणी गाडी चालवतो. याबद्दल त्याला कोणी विचारलं तर म्हणतो, "देवाक पाठ दाखवून बसतंय, निदान चपला तरी नको."

माझे यजमान चिंतामणी जानेवारीत गेले. हॉस्पिटलमधून घरी आणायला शववाहिनी मिळेना, तेव्हा जयवंतनेच पिकअप आणली. सतरंजी अंथरली, त्यांना ठेवलं, पुढे येऊन बसला आणि चपला काढल्या. मी शेजारी बसले होते. मला ते दिसलं. रडू आलं नाही. तेव्हापासून आलेलंच नाही.

पिकअपची थरथर सुरू झाली ती मे महिन्यात. शहरात काही नाही. परळपासून शीवपर्यंत गाडी अगदी गुणी. पुढे मोकळा रस्ता लागला, काटा सत्तरच्या वर गेला की सबंध गाडी अंगात आल्यासारखी थरथरायची. वेग कमी केला की शांत. भोईवाड्यातल्या गौतम मेकॅनिकने चाकांचं बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावले. फरक नाही. इंजिनाखालची रबरं बदलली. तरी तेच. चाळीच्या दारात एकदा जयवंतची बायको शांती सर्वांसमोर म्हणाली, "गाडी थरथरता काय तुमचो हात थरथरता, ता आधी बघा."

जयवंत हसला नाही. त्याच्या वडिलांचे हात शेवटी शेवटी थरथरत असत, हे मला माहीत होतं.

खरी अडचण मूर्तींची होती. कोकणात उतरवताना कुणाच्या बोटाला तडा, कुणाचा कान निखळलेला. खंडित मूर्ती कोण पुजणार? कारखानदार धनेशने त्याला शुक्रवारी सुनावलं. मी तेव्हा भाजी घेऊन येत होते.

"तू भरतोस तेव्हा गणपती असतो रे जयवंत, उतरवतोस तेव्हा पेशंट."

"रस्ता कसा आहे बघितलास काय तू?"

"रस्ता सगळ्यांना तोच आहे. वैभवच्या टेंपोतून गेलेली एक तरी मूर्ती मोडली का? सोमवारी कणकवलीची मोठी मूर्ती आहे. ती धड पोचली तर ठीक. नाही तर पुढचा सगळा सीझन वैभवला. मग माझ्याकडे येऊ नकोस, वर्षभर मासळी ओढ."

जयवंत माझ्यामागून चाळीत आला. जिन्यापाशी माझी पिशवी घेतली आणि म्हणाला, "काकी, उद्या तुमचा कपाट सोडू या पनवेलला. रिकामी गाडी नको म्हणतो गौतम, वजन टाकून बघ म्हणतो."

कपाट लेकीला, श्रेयाला द्यायचं ठरून दोन महिने झाले होते. मी म्हटलं, बरं.

शनिवारी निघालो. कपाट आडवं बांधलं होतं. शीव गेलं, मानखुर्द गेलं, खाडीचा पूल ओलांडला. पुढे रस्ता मोकळा झाला आणि ते सुरू झालं. आधी मांड्यांना जाणवलं, मग दातांना. माझ्या मांडीवरच्या पर्समधली चिल्लर वाजायला लागली.

"बघा," जयवंत म्हणाला. त्याने स्टेअरिंगवरचे दोन्ही हात सैल केले, नुसती बोटं टेकवली. "बघा काकी. माझा हात हा काय?"

स्टेअरिंग स्थिर होतं. "नाही रे. तुझा हात नाही. सीट हलतेय."

"गौतम पण तेच म्हणतो. स्टेअरिंग हललं असतं तर पुढची चाकं. सीट हलते म्हणजे मागचं काही तरी." त्याने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. इंजिनाचा आवाज खाली आला, थरथर तशीच राहिली. "इंजिन पण नाही. पायाला सांगू काय कसं लागतं? मूर्ती असली की अनवाणी असतो ना. तळव्याला मुंग्या येतात. मधून येतं ते, गाडीच्या पोटातून."

"मग पोट तपासलं नाहीस?"

"गौतमने खालून बघितलं. सगळं चिखलाने भरलेलं. पावसात कुणाचं स्वच्छ असतं?"

त्याने वेग उतरवला. पन्नासच्या वेगाने, डाव्या बाजूने आम्ही पनवेल गाठलं. मागचे हॉर्न वाजवत होते. एवढ्या सावकाश गेलं तर कणकवलीला मूर्ती कधी पोचणार, हे त्यालाही कळत होतं.

श्रेयाच्या इमारतीखाली माझा जावई विनीत आणि जयवंत यांनी कपाट ओढायला घेतलं. किल्ली कुलपालाच होती. मी काढून ठेवायला विसरले होते. कपाट सरकलं तशी ती निसटली, हौद्याच्या फळीवर पडली आणि दोन फळ्यांमधल्या फटीतून खाली गेली.

"आई, ती एकच किल्ली आहे ना?" श्रेया म्हणाली.

"एकच. दुसरी बाबांनी कुठे ठेवली होती ते कळलं नाही."

विनीतने वाकून पाहिलं. खाली फरशी कोरडी होती, किल्ली नव्हती. पडल्याचा आवाजही आला नव्हता. तो म्हणाला, "वरच कुठे तरी अडकली असणार."

जयवंतने गोणपाट पसरलं आणि गाडीखाली गेला. थोडा वेळ फक्त त्याचे पाय दिसत होते.

"मिळाली?" मी वाकून विचारलं.

आतून नखाने काही तरी खरवडल्याचा आवाज आला.

"जयवंत?"

"मिळाली," तो आतून म्हणाला. त्याचा आवाज बदललेला होता. "शाफ्टवर बसली आहे. काकी, शाफ्टवर कसली तरी ढेप आहे. विनीतभाऊ, जरा पाना द्या. चिखल नाही हा. चिखल असा वाजत नाही."

ठकठक ऐकू आली. मग गाडीखालून एक तुकडा घरंगळत बाहेर आला, वरून काळा, तुटलेल्या कडेला पांढराशुभ्र. त्यातून काथ्याचे दोरे निघाले होते. मूर्तीत घालतात तो काथ्या.

जयवंत बाहेर आला आणि तिथेच फरशीवर बसला. तुकडा हातात घेऊन बघत राहिला.

"मीच ओतला," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. मे महिन्यात एका खड्ड्यात एका मूर्तीचं बोट गेलं. तेव्हापासून तो प्लास्टर, काथ्या आणि बादली बरोबर ठेवायला लागला. वाटेत हॉटेलपाशी थांबायचं, मोडलं असेल ते जोडायचं, वाळेपर्यंत जेवून घ्यायचं. बादलीत उरलेलं प्लास्टर तो हौद्याच्या कोपऱ्यात ओतायचा.

"रस्त्याकडेला टाकायचं ना," विनीत म्हणाला.

"असं कसं? गणपतीच्या अंगाचं ते. रस्त्यावर लोक थुंकतात, पाय देतात. म्हटलं गाडीत सुकेल, मग खरवडून समुद्रात सोडू. सोडायचो पण. ओतल्यापेक्षा थोडं कमी भरायचं. वाटलं, पाणी गेलं असेल फटीतून."

फटीतून प्लास्टरच जात होतं. खाली इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा तो लांब दांडा, गाडी उभी असल्याने स्थिर. त्याच्या एकाच बाजूला ते बसत होतं, काथ्यासकट, आणि जेवण होईपर्यंत घट्ट होत होतं. मग वेग वाढला की तो दांडा एकीकडे जड होऊन थरथरायचा. थरथरीने मूर्तीला आणखी तडे जायचे. जयवंत आणखी प्लास्टर कालवायचा.

"म्हणजे तूच मोडायचास आणि तूच जोडायचास," श्रेया म्हणाली. ती सहज बोलून गेली. जयवंतने मान हलवली.

दांडा साफ व्हायला बराच वेळ लागला. निघालेले सगळे तुकडे, अगदी भुगासुद्धा, त्याने फडक्यात बांधले आणि सीटमागे ठेवले. आम्ही जेवून निघालो. रस्ता मोकळा झाला तेव्हा जयवंत माझ्याकडे न बघता वेग वाढवत गेला. साठ. सत्तर. ऐंशी. पर्समधली चिल्लर वाजली नाही.

"काय म्हणता काकी?"

"थोडं आहे अजून."

"आहे. पण हे वेगळं. शाफ्टचा सांधा झिजला असणार एवढे दिवस हादरून. गौतम उद्या बदलेल." मग खाडीचा पूल दिसायला लागला तेव्हा म्हणाला, "हात नाही म्हणालात, ते बरं झालं."

मी पुढचा रस्ता बघत होते. मागे हौदा रिकामा होता. मला वाटलं होतं, परतताना काही तरी वाटेल. काही वाटलं नाही. खाडीवर भरती होती.

गौतमने रविवारी सांधा बदलला. "मी ती ढेप बघितली होती, चिखल समजलो," असं त्याने जयवंतच्या तोंडावर कबूल केलं आणि मजुरी अर्धीच घेतली. सोमवारी धनेशच्या कारखान्यातून मोठी मूर्ती भरली, तोंडावर पांढरा कपडा बांधून. मंगळवारी दुपारी कणकवलीहून फोन आला. चारही हात, बोटं, दोन्ही कान, सोंड, सगळं जागेवर. धनेश म्हणाला, "आता उरलेल्या पण तूच ने." शांतीने चाळभर फिरून सांगितलं आणि मला शिरा आणून दिला. गोड जास्त होता, पण मी खाल्ला.

शनिवारच्या नोंदीतली शेवटची ओळ सांगायची राहिली. गाडीखालून काढलेली किल्ली जयवंतने माझ्या हातात दिली होती आणि मी ती श्रेयाला द्यायची विसरले. ते शनिवारी रात्री पर्स रिकामी करताना कळलं. मी लिहिलं:

कपाटाची किल्ली माझ्याबरोबर परत आली. धुतली, तरी खाचेत थोडं पांढरं राहिलं आहे. स्वयंपाकघरात गाळणीशेजारच्या खिळ्याला अडकवली.